छे छे, तुम्हीच बसा

उकडलेल्या अंड्याचे टोपण चमच्याने उडवत बेरिल टॅप्सेलने नवऱ्याला सांगितले, की आज अकरा वाजता त्याला विमानात बसायचे आहे.

"कुठल्या विमानात?" विल्फ्रेडने वर्तमानपत्रातून डोके वर न काढता विचारले.

"कुठल्या म्हणजे? तुझ्याच. कॉन्कॉर्डमध्ये. संग्रहालयात आणून उभं केलंय ना ते. जुन्या प्रवाशांना आपापल्या सीटवर बसवून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करतायत. मी तुझं नाव दिलंय."

"कधी दिलंस?"

"इस्टरच्या सुमाराला."

"आणि सांगतेस आज."

"आधी सांगितलं असतं तर तुझे गुडघे दुखायला लागले असते."

विल्फ्रेडने वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "बेरिल, तुला त्रास होणार नसेल, तर तो मुरंबा जरा इकडे देशील का, प्लीज? फार फार आभारी आहे."

बेरिलने चमचा खाली ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. एका मुरंब्यासाठी इतकी नम्रता, म्हणजे नवरा भयंकर संतापलेला आहे.

विल्फ्रेड टॅप्सेलचा राग तसाच होता. राग चढला की इतरांचा आवाज चढतो. त्याची अदब चढत असे. नोकरीत तो वजनमापे निरीक्षक होता. पबमध्ये जाऊन बिअरचा ग्लास पुरता भरतात की फेसावर भागवतात, हे तपासणे हे त्याचे काम. "तुमचा खोळंबा करतोय, माफ करा हं," असे तो म्हणाला, की पबवाला ग्लास काठोकाठ भरू लागे. "तसदीबद्दल मनापासून दिलगीर आहे," म्हणाला, की पबवाला वकिलाला फोन लावी.

"पण एवढं चिडायला झालं काय?" बेरिल म्हणाली. "ख्रिसमसला सांगतोस, बारशाला सांगतोस, माझ्या मेव्हण्याच्या अंत्यविधीला सांगितलीस ती गोष्ट. तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं. आज कुणीतरी विचारतंय, तर तोंड पाडून बसलायस."

या प्रश्नाला विल्फ्रेडकडे उत्तर होते. पण देण्याजोगे नव्हते.

गोष्ट त्याच्या साठाव्या वाढदिवसाची. बेरिल तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. नवा कोट न घेता, समुद्रकिनाऱ्याची सुट्टी दर उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी नक्की' असे म्हणत पुढे ढकलून तिने गुपचूप पैसे साठवले आणि नवऱ्याला आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाचे एक तिकीट आणून दिले. एकच, दोन झेपली नसती. तेही अमेरिकेला नेणारे नव्हे. लंडनहून उडायचे, बिस्केच्या उपसागरावर एक चक्कर मारायची आणि पुन्हा लंडनलाच उतरायचे. पण तिकीट खिडकीचे होते. "खिडकीचीच जागा हवी, नाहीतर मी इथून हलत नाही, असं मी त्या काउंटरवरच्या पोरीला बजावलं," हे बेरिल अजूनही चारचौघांत सांगे. त्या दिवशी नवरा विमानात बसला, तेव्हा ती विमानतळाच्या कुंपणाबाहेर पिवळा रुमाल हलवत उभी होती.

विमान परत आले, विल्फ्रेड बाहेर आला. बेरिलने पहिला प्रश्न विचारला, "काय दिसलं रे?"

दिसले काहीच नव्हते.

खिडकीशी तो बसला होता हे खरे. तळहाताएवढी ती काच त्याने रुमालाने पुसलीही होती. विमान उडाले आणि ढगात शिरले. बाहेर सगळे पांढरेफटक झाले. पट्टे सोडायला हरकत नाही असा दिवा लागला, आणि शेजारच्या सीटवरची बाई त्याच्याकडे वळली. तिच्या डोक्यावर परातीएवढी हिरवी टोपी होती.

"तुमची हरकत नसेल, तर मी एक मिनिट खिडकीशी बसू का? ढगांच्या वर गेलो की बहिणीसाठी एक फोटो काढायचाय."

इंग्लंडात या प्रश्नाला एकच उत्तर असते. विल्फ्रेडने ते दिले. "छे छे, हरकत कसली! बसा की."

ते एक मिनिट संपलेच नाही.

विल्फ्रेडला आईने लहानपणी एक नियम शिकवला होता. कुणी काही देऊ केले, की पहिल्यांदा 'छे छे' म्हणायचे. दुसऱ्यांदा देऊ केले, की 'खरंच नको' म्हणायचे. तिसऱ्यांदा घ्यायचे. पहिल्या झटक्यात घेतो तो हावरा, आणि तिसऱ्यांदाही नाकारतो तो शिष्ट. या नियमावर त्याचे सगळे आयुष्य सुरळीत चालले होते. हिरव्या टोपीची बाईही माणसांत वाढलेली दिसत होती. फोटो काढून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला आता इकडे यायचं असेल ना?"

"छे छे. आरामात बसा."

"अहो, खरंच या."

"खरंच नको. तुम्हीच बसा."

एवढे बोलून विल्फ्रेड तिसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागला. जेवणाचे ताट आले. त्याने वाट पाहिली. शॅम्पेन आली. त्याने वाट पाहिली. समोरच्या भिंतीवर वेगाचा आकडा चढत चढत दोनावर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या त्या विमानात विल्फ्रेड टॅप्सेल एका हिरव्या टोपीच्या शेजारी बसून कोळंबी चावत राहिला. बाईने तिसऱ्यांदा विचारलेच नाही. विमान उतरल्यावर मात्र तिने मान तुकवली आणि ती म्हणाली, "तुम्ही फारच सज्जन आहात." तिचा गळा दाबावा असे त्याला वाटले. म्हणून तो म्हणाला, "तुमची सोबत लाभली, हे माझं भाग्य."

अशा मनःस्थितीत बायकोने 'काय दिसलं रे' विचारले. तिच्या अंगावर जुना कोट होता. विल्फ्रेडने ताटाखालचे माहितीपत्रक आठवले आणि ते म्हणून दाखवले, "पृथ्वीची गोलाई दिसली. आणि वर आकाश... जांभळं, काळपट जांभळं."

बेरिलच्या डोळ्यांत पाणी आले. झाले, परतीची वाट बंद झाली. त्या जांभळ्या आकाशाचा गावभर बोभाटा झाला. दर ख्रिसमसला त्यात एखादा तारा वाढत गेला. गोष्ट जोडीने सांगण्याचीही एक रीत पडली. आधी बेरिल सांगे, की विमान उडताना कुंपणाशी जमीन कशी थरथरली आणि ते ठिपका होईपर्यंत ती रुमाल कसा हलवत होती. मग विल्फ्रेड आकाश सांगे. ऐकणारे म्हणत, "नशीबवान आहात." आणि दर वेळी विल्फ्रेडला ती टोपी दिसे व तळपायाची आग मस्तकात जाई. त्याचा तो हसरा चेहरा पाहून लोकांना वाटे, काय सुखी आठवण आहे!

बाहेर धुके होते. विल्फ्रेडने गाडीचे दिवे लावले आणि वाटेत दिसेल त्या गाडीला नम्रपणे पुढे जाऊ दिले. संग्रहालयाच्या पार्किंगमध्ये उतरल्यावर त्याने दार इतक्या अलगद लावले की बेरिल म्हणाली, "दारावर कशाला राग काढतोस?"

विमान मैदानात उभे होते, लांब मानेच्या करकोच्यासारखे. शिडीपाशी क्लाइव्ह नन वाट बघत होता. हा निवृत्त भूगोल शिक्षक संग्रहालयात हौसेने काम करी. गळ्यात ओळखपत्र, हातात रेकॉर्डर, चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या मुलाचा आनंद.

"मिस्टर टॅप्सेल! या, या. तुमच्याबद्दल मिसेस टॅप्सेलनी फोनवर इतकं सांगितलंय! जांभळं आकाश, तारे... डोकं सांभाळा, दार बुटकं आहे."

विल्फ्रेडने डोके सांभाळले नाही. "माझीच चूक," तो दाराला म्हणाला.

आत बोळासारखी अरुंद जागा. मधून वाट, दोन्हीकडे दोन-दोन सीट. शनिवारची गर्दी वाटेत रांग लावून उभी होती. रांगेतले लोक अंग चोरून 'सॉरी, सॉरी' म्हणत बाजूला झाले. क्लाइव्हने त्याची ओळ शोधून काढली आणि रेकॉर्डर समोरच्या सीटच्या पाठीला अडकवला.

"हा लाल दिवा लागला की रेकॉर्डिंग सुरू. आणि एक गंमत आहे हं, मिस्टर टॅप्सेल. मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याच दिवसाचे, त्याच फेरीचे आणखी एक प्रवासी आम्हाला सापडलेत. आणि सीट कुठली म्हणाल? तुमच्या शेजारची!"

विल्फ्रेडने मागे पाहिले. रांगेतल्या डोक्यांवरून एक हिरवी परात तरंगत पुढे येत होती.

"मिसेस ऑर्मरॉड," क्लाइव्ह म्हणाला.

"खास आजच्यासाठी तीच टोपी काढली," मिसेस ऑर्मरॉड म्हणाली. ती आता सत्तरीची झाली होती. टोपीचे वय मात्र वाढलेले दिसत नव्हते. विल्फ्रेडला पाहताच तिच्या ओठांची घट्ट रेघ झाली. "ओहो. तुम्ही. कसे आहात?"

"उत्तम. तुमच्या कृपेने."

"तर मग बसा दोघं," क्लाइव्ह हात चोळत म्हणाला. "खिडकीशी कोण होतं?"

"तो!" बेरिलने वाटेतून अभिमानाने सांगितले. "मी मुद्दाम मागून घेतली होती जागा."

मिसेस ऑर्मरॉडने विल्फ्रेडकडे पाहिले. "बसा तुम्ही खिडकीशी."

आणि विल्फ्रेडच्या तोंडून, त्याला न विचारता, शब्द बाहेर पडले, "छे छे. तुम्हीच बसा."

"अहो, खरंच बसा."

"खरंच नको. तुम्हीच."

तो अर्धवट वाकून, एक हात सीटवर ठेवून थांबला. मिसेस ऑर्मरॉडने एक खोल श्वास घेतला, टोपी सावरली आणि ती खिडकीशी जाऊन बसली.

विल्फ्रेड तिच्या शेजारी बसला. लाल दिवा लागला.

"बोला, मिस्टर टॅप्सेल," क्लाइव्ह कुजबुजला. "ढगांच्या वर गेलात. काय दिसलं?"

विल्फ्रेडने घसा साफ केला. समोर बेरिल उभी होती आणि त्याच्या आधीच ओठ हलवू लागली होती. "पृथ्वीची गोलाई," तो म्हणाला. "आणि आकाश. जांभळं. काळपट जांभळं, आणि त्यात..."

"कसं काय दिसलं तुम्हाला?" मिसेस ऑर्मरॉड म्हणाली.

"माफ करा?"

"नाही, मध्येच बोलतेय, सॉरी. पण खिडकीशी मी होते. तुम्ही पूर्ण वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसला होतात. मला चांगलं आठवतंय. तिच्याशी तुमचं काही भांडण आहे की काय, असं वाटत होतं."

रांगेत कुणीतरी खोकले. बेरिलचे ओठ हलायचे थांबले.

"आपल्याला तसदी देतोय, दिलगीर आहे," विल्फ्रेड म्हणाला. ही भाषा ऐकून बेरिलने सीटची पाठ घट्ट धरली. "पण आपण 'एक मिनिट' म्हणाला होतात."

"काय म्हणाले होते?"

"एक मिनिट. एका फोटोपुरतं. मी जन्मभर मापं तपासली, बाईसाहेब. एवढं मोठं मिनिट कुठल्याही पबमध्ये सापडलं नाही."

"अहो, मग जागा परत मागायची होती!"

"मागायची? मी? माझीच जागा?"

"मी तुम्हाला विचारलं होतं! दोनदा विचारलं!"

"दोनदा!" विल्फ्रेड ओरडला. त्याचा आवाज चढल्याचे बेरिलने जन्मात प्रथमच ऐकले. "दोनदा! दोनदा विचारून कोण थांबतं? तिसऱ्यांदा विचारायला काय तुमची जीभ झडली होती?"

"तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याच्या गळ्यात पडणं! आमच्या घरात दोनदा विचारायची पद्धत आहे. दोनदा नको म्हणाला, म्हणजे माणसाला खरंच नको!"

"मग तुमचं घर रानटी आहे!"

"अरे बापरे," क्लाइव्ह म्हणाला. "हे सगळं रेकॉर्ड होतंय हं."

"तीनदाच विचारतात," रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला. "आमच्या आजीच्या वेळेपासून."

"सॉरी, पण दोनदा पुष्कळ झालं," दुसरे कुणी म्हणाले.

"आमच्या यॉर्कशरात एकदाच विचारतात," मागून एक जाडजूड गृहस्थ म्हणाला. "नको म्हणालात तर बसा उपाशी."

रांगेत तट पडू लागले. तेवढ्यात विल्फ्रेडने बोट खिडकीवर रोखले. "आणि स्वतः मात्र सगळं बघितलंत! इथे बसून! पृथ्वीची गोलाई, जांभळं आकाश, माझ्या बायकोच्या पैशांचं!"

"काय बघितलं? काय बघितलं मी?" मिसेस ऑर्मरॉड उसळली. टोपी तिरकी झाली. "मला उंचीची भीती वाटते! स्टुलावर चढले तरी डोळे फिरतात माझे! बहिणीने फोटो मागितला म्हणून जीव मुठीत धरून तिथे बसले, डोळे मिटून बटण दाबलं आणि म्हटलं, आता सुटले. तर तुम्ही! 'आरामात बसा!' 'तुम्हीच बसा!' मग तुमचं ते ताट आलं आणि मी कोंडली गेले. ती काच किती तापते माहितीये? चहाच्या किटलीला गाल लावून बसल्यासारखं झालं मला. आणि इंग्लंडचा किनारा सुटल्यापासून मला बाथरूमला जायचं होतं! पण तुम्ही असे सुतकी तोंड करून कोळंबी चावत होतात, की उठा म्हणायची छाती झाली नाही. एवढी वर्षं मनात म्हणतेय, हा राक्षस पुन्हा कधी भेटला ना..."

"तुम्ही मला सज्जन म्हणालात!"

"मग काय तोंडावर राक्षस म्हणू?"

ज्या खिडकीसाठी विल्फ्रेड एवढी वर्षे जळत होता, तिच्यातून त्या दिवशी कुणीच बाहेर पाहिले नव्हते.

"विल्फ," बेरिल म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहायचे टाळले.

"विल्फ, इकडे बघ. तू खिडकीशी नव्हतास?"

"होतो. ढग येईपर्यंत."

"मग ते जांभळं आकाश?"

"ते... माहितीपत्रकात होतं."

"आणि तारे?"

"तारे माझे," विल्फ्रेड खाली मान घालून म्हणाला.

बेरिलच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. ती रागावली, की तिला अदब वगैरे काही आठवत नसे. "उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, मी समुद्र पाहिला नाही. एका कोटात वावरले. दुसऱ्यांच्या पोरांसाठी पोतीच्या पोती बटाटे सोलले. आणि तू माझी खिडकी एका टोपीला देऊन आलास?"

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"आणि आता काय गुदगुल्या होतायत मला? माझ्या बहिणीला तू आयर्लंडसुद्धा दाखवलंस त्या खिडकीतून! चित्र काढलंस टेबलक्लॉथवर!"

"मिसेस टॅप्सेल," क्लाइव्ह घाईघाईने म्हणाला. आयुष्यभर वर्ग सांभाळलेला माणूस तो. भांडण वळवायला त्याला एकच उपाय ठाऊक होता: दुसऱ्या विद्यार्थ्याला उभे करणे. "तुमची आठवण तरी अस्सल आहे. तुम्ही कुंपणापाशी होतात. ते सांगा ना आम्हाला. विमान उडालं तेव्हा कसं दिसत होतं?" त्याने रेकॉर्डर काढून तिच्या तोंडासमोर धरला.

"कसं म्हणजे," बेरिल फणकाऱ्याने म्हणाली, "जमीन थरथरली. छातीत ढोल वाजल्यासारखं झालं. मग ते नाक वर करून, पांढरंशुभ्र..." ती थांबली. लाल दिव्याकडे पाहत राहिली. "...पांढरंशुभ्र..."

"हां, पांढरंशुभ्र?"

"मला काय विचारता?" बेरिल एकदम कडाडली. "मला दिसलं का काही? मी पहाटेपासून जागा धरून उभी होते त्या कुंपणाशी! ऐन वेळी एक जोडपं आलं, एवढा मोठा कॅमेरा घेऊन. म्हणाले, बाई, एकच मिनिट आम्ही पुढे उभे राहिलो तर चालेल का? आता मी काय म्हणणार होते?"

"छे छे," विल्फ्रेड म्हणाला.

"तेच म्हणाले! आणि त्या माणसाची पाठ ही अशी! कपाटासारखी! तपकिरी जॅकेट होतं, पाठीवर एक टाका उसवलेला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी रुमाल हलवला तो त्या जॅकेटला!"

विल्फ्रेड बायकोकडे बघत राहिला. "ठिपका होईपर्यंत पाहिलंस म्हणायचीस."

"तू तारे मोजत होतास, मी ठिपका पाहिला तर बिघडलं कुठे?"

यॉर्कशरचा गृहस्थ पुन्हा "एकदाच विचारावं" असे पुटपुटला.

क्लाइव्हने रेकॉर्डरकडे खिन्नपणे पाहिले. "मग मी यात ठेवू काय? कुणी काहीच पाहिलं नाही?"

"आकडा पाहिला," विल्फ्रेड म्हणाला. "समोरच्या भिंतीवर. दोन. अगदी स्वच्छ दिसत होता."

"आवाज मी ऐकला," बेरिल म्हणाली. "तो खरा आहे. ढोलासारखा."

"आणि काच तापली होती," मिसेस ऑर्मरॉड म्हणाली. "त्यावर मी शपथ घेईन."

क्लाइव्हला धीर आला. निदान एक फोटो तरी घ्यावा म्हणून त्याने कॅमेरा काढला. "कुणीतरी खिडकीशी बसा. कोण बसतंय?"

"तुम्ही बसा," मिसेस ऑर्मरॉड उठत विल्फ्रेडला म्हणाली.

"छे छे..."

"सरका," बेरिल म्हणाली. कुणाची हरकत आहे का हे न विचारता ती दोघांच्या मधून आत घुसली, खिडकीशी बसली आणि तिने काचेला नाक लावले. ही जागा तिनेच विकत घेतली होती.

"काय दिसतंय?" क्लाइव्हने हौसेने विचारले.

"पार्किंग," बेरिल म्हणाली. मग डोळे बारीक करून तिने नीट पाहिले. "विल्फ, गाडीचे दिवे बंद केले नाहीस."

दिवे तिला दिसले तेव्हा पिवळट झाले होते. विल्फ्रेड धापा टाकत पार्किंगमध्ये पोचेपर्यंत ते विझले. गाडीची बॅटरी मालकाइतकीच म्हातारी होती. किल्ली फिरवली, की गाडी नुसती उचकी देई. विल्फ्रेडने फोन केला; मदतीची गाडी संध्याकाळशिवाय येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. "छे छे, तुमची काय चूक," असे त्याने फोनवरच्या मुलीला सांगितले आणि गाडीच्या चाकाला लाथ मारली. हेही त्याने जन्मात प्रथमच केले. पायाला लागले, पण बरे वाटले.

मिसेस ऑर्मरॉड आपल्या गाडीकडे चालली होती. त्यांना पाहून ती थबकली. एवढे सगळे झाल्यावर नुसते निघून जाणे बरे दिसले नसते. "मी सोडू का तुम्हाला घरी?" ती म्हणाली.

विल्फ्रेडने तोंड उघडले. 'छे छे' ओठांवर आलेच होते. त्याला ती कोळंबी आठवली. तो आकडा आठवला. शेजारी बायको उभी होती. आज तिच्या अंगावर नवा कोट होता, आणि तिचे कोपर त्याच्या बरगड्यांच्या अगदी जवळ होते.

"हो," विल्फ्रेड म्हणाला. "चालेल."

मिसेस ऑर्मरॉडचा चेहरा उतरला. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. ती राहायची दक्षिणेला, पार किनाऱ्याजवळ. टॅप्सेलांचे घर उत्तरेला, लंडनच्या पलीकडे होते.

"खूप आडवाट होईल का हो?" बेरिलने विचारले.

"छे छे!" मिसेस ऑर्मरॉड म्हणाली, आणि तिने गाडीची किल्ली अशी खुपसली, जणू ती कुणाच्या तरी पोटात खुपसत होती. "उलट तुमची सोबत लाभली, हे माझं भाग्य."

हे वाक्य विल्फ्रेडच्या ओळखीचे होते. त्याचा अर्थही त्याला पुरता ठाऊक होता.

पुढच्या सीटवर बेरिल बसली. तिला कुणी बसा म्हणालेही नव्हते. विल्फ्रेड मागे, मिसेस ऑर्मरॉडच्या पाठीमागे बसला. धुके केव्हाच विरले होते. कितीतरी दिवसांनी लख्ख ऊन पडले होते आणि शेतांवर आकाश पसरले होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बेरिलला वाटले, इतके निळे आकाश आपण कधी पाहिले नसेल. तिचा राग जरा उतरला. तिने मागे न वळता विचारले, "काय दिसतंय रे?"

"टोपी," विल्फ्रेड म्हणाला.